ओळ आठशे बारा

ब्रनोहून मिलोशने पाठवलंय:
सहा ओळी वजा, दोन अधिक.
"हे कुलूप कुणालाच लागत नाही.
काढलं. चाचण्या पास. लिहिणं चार टक्के जलद."
नम्र मुलगा. खाली आभारही मानलेत.

आंजर्ल्यात आज भरती सव्वाअकराला.
मी चहा गाळून बसते,
वजा ओळींवरून वर वर चढत जाते:
या फंक्शनला कोण हाक मारतं,
त्याला कोण,
आणि येताना कुणाच्या हातात
आधीच काय धरलेलं असतं.

एकट्याने चालवलं तर सगळंच चालतं.
दोघं एकदम शिरले की बघायचं.
एकाने आधी फोल्डर धरला, मग जर्नल मागितलं,
दुसऱ्याने आधी जर्नल, मग फोल्डर,
आणि दोघेही सभ्य, दोघेही थांबलेले.
पडद्यावर काहीच होत नाही.
काहीच न होणं हाच तो बिघाड.

सव्वादहा. इतिहास काढते,
ही ओळ घातली कुणी.
माझंच नाव.
बारा वर्षांपूर्वी, जुलै, पहाटे तीन चाळीस,
आणि कारणाच्या जागी एवढंच:
"इथे कुलूप हवं."
आज दुसऱ्या कुणी असं पाठवलं असतं
तर मी त्याची सालटी काढली असती.

त्या जुलैत आई दापोलीच्या दवाखान्यात होती.
मी बाकावर, लॅपटॉप मांडीवर,
सलाइनचा थेंब आणि बिल्डची टक्केवारी
आळीपाळीने बघत.
एवढं आठवतं.
कुलूप आठवत नाही.

बाहेर बॅटरी हलते. धाकू भुवड
खारीच्या बांधावर उघाडी बघायला निघालाय.
फळ्या खाली सोडल्या की तो एकेकीवर टाच मारतो,
तिसरीवर दोनदा.
मी एकदा विचारलं होतं, तिसरीवर दोनदा का?
"बापूस मारायचा."
आणि बापूस का?
"त्याला इचारायचं रायलं."
खारीत भात मात्र दर वर्षी होतं.

मिलोशला हे कळवून काय उपयोग.
पाठकोरा कागद घेते, लाइटबिलाचा.
दोन रेघा म्हणजे दोन थ्रेड, मध्ये पेन्सिलचे बाण.
इकडची फाइल तिकडे, तिकडची इकडे: वरच्या थरातच अडतं.
डिस्क भरली तर: नाही.
वीज गेली तर: तो रस्ताच वेगळा.
मिलोश बरोबर आहे.
चहावर साय धरलीय. मिलोश तीनदा बरोबर आहे.

अकरा वाजून गेल्यावर, चौथ्या बाणापाशी,
कुणीतरी फाइल छाटतंय, तिचं शेपूट,
आणि नेमकं तेच शेपूट
मागे गुपचूप राबणारा थ्रेड डिस्कवर उतरवतोय.
लांबी त्याने आधीच वाचलीय. जुनी लांबी.
छाटलेली जागा एव्हाना दुसऱ्याला दिलेली.
म्हणजे कुणाच्या तरी पगाराच्या तक्त्यात
कुणाच्या तरी बारशाचा फोटो,
वर्षातून एकदा, कुठल्याशा मशीनवर,
आणि सगळे शपथेवर सांगणार,
आम्ही कशाला हात लावला नाही.

लिहायला घेते.
कुलूप राहू दे, मिलोश,
पण तू म्हणतोस तेही खरं, ते फार ऐसपैस आहे,
अर्धा रस्ता उगाच अडवून बसतं.
खाली आण, दोन ओळींपुरतं.
चार नाही, तीन टक्के तरी मिळतील.
आणि वर कारण लिही. मी लिहिलं नव्हतं.
हे घे, सात ओळींचं, काटछाट कर.
पाठवते.
पाणी बांधाला लागल्याचं ऐकू येतं,
धाकूची बॅटरी अजून तिकडेच.

त्याचं उत्तर लगेच. तिकडे आत्ता कुठे संध्याकाळ.
"छाटणीची चाचणी लिहून पाठवतो.
एक विचारू? तेव्हा पहाटे
तुम्हाला हेच दिसलं होतं?"

"हो" लिहिते.
पुसते.
"माहीत नाही" लिहून पाठवते.